बुडाची पायरी कोणी कापली

माह्या बापाचं घर अकोटचं. जिनिंगच्या मागच्या गल्लीत आमची बुरुडांची सात-आठ घरं होती, दारादारात बांबूचे ढीग, अन् गल्लीतून चालायचं म्हणजे सालपटं तुडवतच चालायचं. बाकीचे लोक टोपले, सुपं, कणग्या करत, माहा बाप शिडी करे. जिनिंगात कापसाच्या गंजीवर चढाले त्याच्याच शिड्या जात. बाप म्हणे, टोपलं फुटलं तर संत्रा सांडते, शिडी मोडली तर माणूस सांडते, म्हणून शिडी करताना गप्पा मारायच्या नाहीत. तो खरंच बोलत नसे. मी समोर बसून वासा, म्हणजे शिडीचा उभा लांब बांबू, धरून ठेवत होती, तो पायऱ्या बसवाले तापलेल्या सळईनं त्यात भोकं पाडे, अन् तो धूर माह्या डोळ्यात जाये तरी मी हालत नसे. असं मी शिकली. शाळेत नाही गेली.

तू लिहून राहिली ना शोभे? लिही. तू माही धाकली जाऊ, पंधरा वर्षं झाली तुले या घरात येऊन, चार माणसांत तुह्या तोंडातून शब्द निघत नाही, पण चौथी शिकली आहे अन् अक्षर चांगलं आहे. मले सही पण येत नाही. कोणाले दाखवायचं नसलं तर नको दाखवू, पेटीत ठेव, पण माह्या पोटात हे कुठवर ठेवू, मले आता राग सहन होत नाही.

तर लग्न होऊन मी इकडे परतवाड्याले आली. इथं बांबूची ददात नाही, धारणीकडून, मेळघाटातून गाड्या येतात. तुहे जेठ, म्हणजे आमचे हे, टोपले फार सुंदर करत, संत्र्याचे टोपले, शेकड्यानं जात. शिडी त्यायले जमत नव्हती. खरं सांगते, आता माणूस गेला म्हणून सांगते, या घरातून गेलेली एकही शिडी त्यायनं केली नाही. सगळ्या म्या केल्या. हे दुकानासमोर बसत, गिऱ्हाईक आलं की हे बोलत, अन् मी आत अंगणात भोकं पाडत असे. लोक म्हणत, वा बुवा, काय पक्की शिडी करता. हे हासत. मले त्याचं काही वाटलं नाही कधी, नवरा-बायकोत काय माहं अन् काय तुहं. पण हे वारले, अन् दोन महिन्यांत लोक म्हणाले लागले, आता पहिल्यासारखी शिडी नाही राहिली, बाईमाणसाच्या हातची आहे. ऐकलं तू? तोच हात, तोच बांबू, तीच सळई, अन् शिडी कच्ची झाली कारण समोर बसणारा माणूस गेला. तेव्हापासून हा राग आहे माह्या मनात, त्यावर मग दिगंबर भाऊचं प्रकरण झालं.

त्याच्या आधी एक ऐकून घे, नाही तर तुले समजणार नाही काय झालं ते. शिडीले बांबू घ्यायचा तो भरीव, आमी मानवेल म्हणतो तो. दिवाळीनंतर तोडलेला पाहिजे, पावसात तोडला तर भुंगा लागते अन् आतून पीठ होते. नाल्यात भिजवायचा, सावलीत वाळवायचा. बांबूचं बुड जाड अन् भरीव, शेंडा बारीक अन् पोकळ. म्हणून बुड खाली, शेंडा वर. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, खालचं टोक कापायचं ते गाठीच्या लगेच खाली. गाठ बांबूले बांधून ठेवते. गाठ गेली की उघडं तोंड राहते, अन् वरून वजन आलं की बांबू तळापासून चिरत जाते, लाकूड फोडल्यावानी. एवढीच गोष्ट आहे. लहान लेकराले समजते.

पण लोकायले काय समजते? काय सांगू तुले, म्या या डोळ्यांनी काय काय पाह्यलं. एकानं शिडीले हिरवा ऑइलपेंट दिला, काहून तर घराच्या खिडक्या हिरव्या. म्या म्हटलं, अहो भाऊ, आता भेग पडली तर दिसणार कशी? तो म्हणते, बाई, पेंट दिला की भेग पडत नाही. अमरावतीच्या एका मास्तरीणबाईनं पलंगावर स्टूल अन् स्टुलावर माही शिडी ठेवून पंखे पुसले, अन् मलेच सांगे हासत हासत, तुमची शिडी जरा हालते हो गिरजाबाई. कोणी शिडी चार महिने पावसात भिंतीले टेकवून ठेवते, कोणी फाटकाले आडवी लावते बकऱ्या येऊ नये म्हणून, त्यावर मिरच्या वाळवते, अन् मग दसऱ्याले धुऊन पुसून हळदकुंकू लावून पूजा करते. पूजा करा ना, म्या कुठं नाही म्हटलं. पण आधी ठोकून पाहा. चांगला बांबू ठोकला तर खणकन वाजते, सडका फदफद करते. कोणी ठोकत नाही. तिरडीचा बांबू घ्याले येतात तर चारदा ठोकून, उलटा-सुलटा करून नेतात, जो मेला तो पडू नये म्हणून. जित्ता माणूस चढणार त्या शिडीकडे कोणी पाहत नाही.

अन् उभी कशी करतात? एक तर भिंतीले चिकटवून, म्हणजे वर गेलं की माणूस पाठीवर. नाही तर इतकी पसरून की खालून सरकन निघून जाये. बाप शिकवे, शिडी जिथं टेकली तिथवर चार हात उंची असली तर शिडीचे पाय भिंतीपासून एक हात दूर. आठ हात असली तर दोन. झालं. वरच्या दोन पायऱ्या हाताले, पायाले नाही. अन् खाली एक माणूस धराले, तो तंबाखू मळणारा नाही, धरणारा. दूरचं फळ दिसलं तर वाकायचं नाही, उतरायचं, शिडी सरकवायची, पुन्हा चढायचं. हे म्या प्रत्येक गिऱ्हाइकाले सांगते. ते म्हणतात, हो हो बाई, किती सांगाल, शिडीच आहे, विमान थोडंच आहे.

आता दिगंबर भाऊ. चांदूर बाजारच्या वाटेवर त्याचं गाव, संत्र्याचा मोठा बगीचा, झाडं जुनी अन् उंच. दोन वर्षांमागे तोड सुरू व्हायच्या वक्ती त्यानं माणूस पाठवला की लांब शिडी पाहिजे अन् लवकर पाहिजे. टोपल्यांचं काम तर बंदच झालं होतं, सगळीकडे प्लास्टिकचे क्यारेट आले, आता आमच्या घराचं पोट शिडीवरच, तर म्या बसली अन् दोन दिवसांत शिडी केली. चांगला वासा होता, बुडाशी मनगटाएवढा. अन् त्या वाशात पायऱ्या बसल्या बारा.

इथं माही एक चूक आहे, ते पण लिही, सोडू नको. माहा बाप नेहमी विषम पायऱ्या करे, नऊ, अकरा, तेरा. आपल्या लोकायत तसं आहेच, उजवा पाय आधी टाकला तर पोचताना पण उजवाच आला पाहिजे. मले ते माहीत होतं. म्या मोजल्या, बारा भरल्या, अन् मनात म्हटलं, जाऊ दे, आता कोण मोजते. तेरावी बसवाची तर पायऱ्यांमधलं अंतर कमी होते, अकरा केल्या तर लुगड्यातल्या बाईले पाय उचलाले जड जाते. अंतर बरोबर होतं म्हणून म्या बारा ठेवल्या. शिडी पक्की होती. मी देवाच्या पायाशी सांगीन, पक्की होती.

शिडी त्याच्या दारात गेली, अन् त्याच्या म्हातारीनं मोजल्या. म्हातारी म्हणे, समाची शिडी आणली, घरात विघ्न येईन, परत करा. परत आणली असती तर म्या दोन दिवसांत दुसरी करून दिली असती, एक शब्द बोलली नसती. पण दिगंबर भाऊ हुशार. तो म्हणे, त्यात काय, एक पायरी कमी करू. अन् आरी घेतली, अन् बुडाची पायरी कापली. दोन्ही वासे, गाठीच्या वर, खालची पायरी गाठीसकट अलग. झाल्या अकरा. म्हातारीनं कुंकू लावलं. विघ्न टळलं.

आता शिडी हातभर आखूड झाली. वरची फळं हाताले येत नाहीत. मग काय केलं? क्यारेट पालथा ठेवला, अन् त्यावर शिडी उभी केली. अन् चढवलं कोणाले? सुमनले. सुमन त्याच्या बगीच्यात तोडाले येणारी बाई, अंगानं हलकी म्हणून तिलेच वर पाठवत. तिचा नवरा त्याच दिगंबर भाऊचा सालदार, सालाच्या बोलीवर राबणारा. सकाळी दहाच्या सुमारास सुमन वरच्या पायरीवर होती, खाली धराले कोणी नव्हतं, एक वासा तळापासून चिरला, क्यारेट सटकला, अन् ती बाई खाली. कमरेचं हाड मोडलं.

हे मले तेव्हा काही माहीत नव्हतं. मी अंगणात काम करून राहिली, अन् गल्लीत गाडी थांबली, बाजाराचा दिवस, सगळी गल्ली भरलेली. तू पण होती, दारामागे उभी होती. दिगंबर भाऊ उतरला, अन् ती मोडलेली शिडी त्यानं माह्या दारात फेकली. अन् बोलला, काय नाही बोलला. तुह्या शिडीनं बाई लंगडी केली, पोट भराले दुसरं काही सापडलं नाही का, बाईमाणसानं बांगड्या विकाव्या, शिड्या काहून करते. सगळे ऐकून राहिले. मले पहिले तर असंच वाटलं की मीच चुकली असीन, एखादी भेग दिसली नसन. एक बाई माह्यामुळे पडली, एवढंच डोक्यात शिरलं. तो गाडीत बसून गेला.

मग म्या शिडी उचलली. उलटी-सुलटी केली. पायऱ्या मोजल्या, अकरा. पुन्हा मोजल्या. मग बुड पाह्यलं. आरीचं ताजं तोंड, पांढरंफेक, अन् गाठ नाही. तेव्हा असा राग आला शोभे, असा राग आला की मी खालीच बसली. म्या गल्लीतल्या लोकायले बोलावलं, हे पाहा, हे कापलं आहे. ते म्हणे, हो का, असन. असन म्हणजे काय? म्हणे, तुमी पण बारा काहून केल्या, तुमाले माहीत नाही का. अन् त्यानंतर दोन महिने एक शिडी गेली नाही. येणारे येत, सुपं पाहत, शिडीकडे पाहून पुढच्या दुकानात जात. पुढच्या दुकानात ॲल्युमिनियमच्या चमकत होत्या.

मी सुमनकडे गेली. एसटीनं गेली, एकटी. ती खाटेवर पडलेली, पाय ताणून वजन बांधलेलं. म्या सांगितलं, मी शिडीवाली. मले वाटलं, ती शिव्या देईन. ती म्हणे, बसा मावशी. मग हळूच सांगे, मालकानं निंबाखाली बसून कापली, माह्या डोळ्यासमोर. मी चढली तेव्हा हालून राहिली होती, पण मालकाले काय सांगू की हालते. म्या म्हटलं, मग हे तू परतवाड्याले येऊन चार लोकायसमोर सांग. तिनं नवऱ्याकडे पाह्यलं. नवरा दाराकडे पाहत होता. ती म्हणे, मावशी, हा इथं साल धरून आहे, आमी कुठं जाऊ? मी तिच्यावर पण रागावली, खरं सांगते. उठून निघून आली. एसटीत बसल्यावर मले वाटलं, गिरजे, तुले तुह्या नावाची पडली, अन् ती बाई मुताले पण दुसऱ्याच्या हातानं उठून राहिली.

एक साल गेलं. पुन्हा तोड आली. दिगंबर भाऊनं ॲल्युमिनियमची शिडी घेतली होती. आता ती शिडी वाईट असते असं मी म्हणत नाही, सिमेंटच्या घरात चांगली, पण त्याच्या बगीच्यातून विजेची तार गेली आहे, अन् तारेखाली लोखंड-ॲल्युमिनियम घेऊन चढायचं म्हणजे मरण डोक्यावर घेणं. ओल्या काळ्या मातीत तिचे पाय पण रुतून राहिले. तोडणाऱ्या बायका म्हणाल्या, आमी यावर चढत नाही. आम्हाले गिरजाबाईची शिडी आणा, न कापलेली. न कापलेली म्हणाल्या, म्हणजे सुमननं चार माणसांत नाही, पण त्या बायकांत सांगितलं होतं. संत्रा झाडावर पिकून राहिला, व्यापारी डोक्यावर बसला, अन् बायका काम सोडून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या.

मग दिगंबर भाऊ आला. पुन्हा बाजाराचाच दिवस. गाडी दूर उभी केली, पायी आला. माह्याकडे न पाहता म्हणे, तीन शिड्या पाहिजे, तेरा पायऱ्यांच्या. म्या म्हटलं, आहेत, पण आमच्याकडे आता नवीन रीत आहे, जो नेईन त्यानं आधी वरपर्यंत चढून पाहायचं. तो म्हणे, माणूस पाठवतो. म्या म्हटलं, माणूस नाही, मालकानं. गल्लीतले सगळे दुकानदार बाहेर आले. कोणी म्हणे, चढा भाऊ, शिडीच आहे, विमान थोडंच आहे.

म्या शिडी भिंतीले लावली, हातानं मोजून लावली, अन् बुडाशी पाय देऊन धरली. तो चढला. दोन पायऱ्या गेला तोवर ठीक होतं. चौथीवर तो पायानं पायरी चाचपाले लागला. बाप्पा, एवढा मोठा बगीचा त्याचा, अन् जन्मात कधी शिडीवर चढला नव्हता. पाचवीवर तो थांबला, दोन्ही हातांनी वासा कवटाळला, अन् म्हणे, बाई, धरून ठेवजा.

म्या म्हटलं, धरली आहे. सुमन चढली तेव्हा कोण धरून होतं?

तो म्हणे, कोणी नव्हतं.

म्या म्हटलं, अन् बुडाची पायरी कोणी कापली?

तो खाली पाहे अन् डोळे मिटे. म्हणे, उतरू द्या. म्या म्हटलं, उतरा ना, मी कुठं अडवलं, शिडी धरूनच आहे. पण त्याले खाली पाय टाकता येईना. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून बोलला.

म्या कापली. म्याच कापली. आता पाय कुठं ठेवू ते सांगा.

म्या सांगितलं, उजवा खाली, आता डावा, खाली पाहू नका, वाशाले नाही, पायरीले धरा. एक एक पायरी सांगून उतरवला त्याले. मनात आलं नाही असं नाही, की एक हात ढिला करावा. पण माह्या हातची शिडी होती, म्या धरलेली होती, माणूस कोणताही असो. तो खाली आला, घाम पुसला, शिड्या गाडीवर चढवल्या अन् गेला.

अन् मग काय झालं माहीत आहे? लोक हासले. खूप हासले. महिनाभर हासत होते, पाचव्या पायरीवर कसा कवटाळून बसला ते एकमेकाले करून दाखवत. माह्याकडे गिऱ्हाईक परत आलं, गिरजाबाईची शिडी, गिरजाबाईची शिडी. माहं नाव धुतलं गेलं. पण त्या सगळ्यायत एकानं, एका माणसानं मले इचारलं नाही की त्या बाईच्या कमरेचं काय झालं. दिगंबर भाऊनं तर नाहीच. माहा राग आता त्याच्यावर कमी आहे, या हासणाऱ्यायवर जास्त आहे. त्यायले वाटते, गोष्ट संपली.

सुमन आता चालते, काठी घेऊन चालते. झाडावर चढत नाही, खाली बसून फळं निवडते, मोठं इकडे, लहान तिकडे. मी मागच्या महिन्यात गेली होती. ती म्हणे, मावशी, आता जी पोरगी वर चढते तिले मीच खालून ओरडते, वाकू नको, उतर, सरकव. अन् दोघी बायका धरून असतात. म्या तिले म्हटलं, ओरडत जा. माहं शिकवलेलं मोठाल्या लोकायनं ऐकलं नाही, तुह्या तोंडून एकीनं तरी ऐकलं.

बस, एवढंच आहे. आज पण बगीच्यात तोड चालू असन. कोणाची लेक, कोणाची सून या घडीले वर असन, मले तिचं नाव माहीत नाही. तिची शिडी बुडाशी गाठ असलेली असो, अन् खाली कोणी तरी धरून असो. ती दुपारी भाकर खाले आपल्या पायानं खाली येवो. लिहिलं का शोभे? आता ठेव ते वही-पेन, अन् हा वासा धर जरा, सळई तापली.